पूर्वरंगावाचून उत्तररंग
(अनंत पै यांच्या चित्रकथांचा विचार)

नागपूर–इटारसी लोहमार्गावर काटोल, नरखेड, पांढुर्णा ही स्थानके मागे टाकून गाडी मुलताईच्या घाटाकडे निघाली, की घाटाच्या पायथ्याशी तिगाव लागते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौंसर हे मुलूख मात्र मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याच्या व जिल्ह्याच्या सीमा अशा हलल्या. घरची भाषा हलली नाही. संत्र्यांच्या बागांमधील या गावांत आजही चुलीपाशी मराठी बोलली जाते आणि शाळेच्या फळ्यावर हिंदी लिहिली जाते.

तेथील एका स्नेह्यांच्या घरी भागवत सप्ताहाच्या समाप्तीस आम्ही गेलो होतो. काल्याचे कीर्तन झाले, प्रसाद झाला, आणि रात्री ओसरीवर घरातल्या आजीबाई नातवंडांना तीच गोष्ट आपल्या परीने पुन्हा सांगू लागल्या. त्यांच्या कृष्णाच्या हाती काठी होती, खांद्यावर घोंगडी होती, आणि पेंद्या त्याच्याशी शिदोरीवरून भांडत होता. नऊ-दहा वर्षांची नात मध्येच उठली, आतून एक रंगीत पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, “आजी, ह्याच्यात त घोंगडी नाही. हे पाय.” पुस्तक हिंदी होते, पाने कोपऱ्यांशी मऊ झालेली होती. ‘अमर चित्रकथा’ मालेतील तो ‘कृष्ण’ होता. त्याच्या डोईला मोरपीस होते, अंगावर पिवळा पीतांबर होता, खांदा उघडा होता. मुलीचे म्हणणे सरळ होते. चित्रात जे नाही, ते झालेच नाही.

आजीबाईंनी तिला काय उत्तर दिले, ते आम्ही शेवटी सांगू. त्या उत्तरापूर्वी ज्या गृहस्थाने ते पुस्तक लिहिले, त्याच्या कार्याचा नीट विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. अनंत पै यांच्याविषयी आमच्या समाजात अभिमानाने बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु अभिमान म्हणजे परीक्षण नव्हे. गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ ज्या लेखकाच्या हातून आमच्या मुलांना राम, कृष्ण, शकुंतला आणि शिवाजी प्रथम भेटले, त्या लेखकाने त्यांना काय दिले आणि काय द्यावयाचे राहिले, हे विचारण्याचा अधिकार देवळाच्या पायरीवर बसून कथा ऐकणाऱ्या प्रत्येकाला आहे.

पै यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजी कर्नाटकातील कारकळ येथे झाला. मातृभाषा कोंकणी. कारकळ गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे, की तेथे एकीकडे सारस्वतांचे वेंकटरमणाचे देवालय आहे, तर दुसरीकडे खडकाळ टेकडीवर १४३२ साली उभी केलेली बाहुबलीची भव्य एकशिला मूर्ती आहे. वैष्णव उत्सवाचा गजर आणि दिगंबर मूर्तीचे मौन या दोहोंच्या मध्ये ज्याचे बालपण गेले, त्याच्या मालेत पुढे कृष्णाबरोबर बुद्ध, महावीर व बाहुबली सहज येऊन बसले, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

दुसऱ्याच वर्षी मुलाचे आईवडील गेले. बाराव्या वर्षी तो मुंबईस आला. शिक्षण रसायनाचे व रासायनिक तंत्रविद्येचे झाले. मन मात्र छापखान्यात रमले. १९५४ साली त्याने ‘मानव’ नावाचे एक मासिक काढून पाहिले, ते चालले नाही. ज्यांच्या घरी गोष्ट सांगणारे वडीलधारे माणूस असते, त्यांना गोष्टीची किंमत फारशी कळत नाही. ज्यांचे ते छत्र लहानपणीच हरपते, त्यांना ती चांगली कळते. पै यांच्या पुढील आयुष्याचे मर्म या एका गोष्टीत सापडते, असा आमचा तर्क आहे. तर्कच तो; त्यावर आम्ही अधिक भार टाकीत नाही.

पुढे ते टाइम्स ऑफ इंडिया संस्थेच्या पुस्तक विभागात लागले. १९६४ साली त्या संस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, त्याच्या आरंभाशी पै यांचा निकट संबंध होता. वेताळ या नावाने मराठी घरांत शिरलेला मुखवटेधारी वीर तो हाच. मुलांच्या त्यावर उड्या पडल्या. चित्रांच्या चौकटी, फुग्यांतील संवाद आणि पानाच्या शेवटी अडवून धरलेला श्वास, हे तंत्र किती प्रभावी आहे याचा धडा पै यांना तेथे मिळाला. त्याबरोबरच दुसरीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली असली पाहिजे: हा वीर ज्या अरण्यात राहत होता, ते अरण्य आमचे नव्हते.

त्यानंतरचा १९६७ सालचा प्रसंग सर्वश्रुत आहे. दिल्लीत दूरदर्शनवर मुलांची प्रश्नोत्तरांची एक स्पर्धा चालली होती. ग्रीक पुराणांतील देवतांविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी चटकन दिले. रामाची आई कोण, या प्रश्नाला मात्र ती निरुत्तर झाली. पै ते पाहत होते. त्यांनी नोकरीची वाट सोडली आणि इंडिया बुक हाउसचे मीरचंदानी यांच्या आश्रयाने ‘अमर चित्रकथा’ उभी केली. याच नावाने त्या संस्थेच्या बंगळूर शाखेतून परदेशी परीकथांचे दहा अंक कन्नडमध्ये आधीच निघाले होते. म्हणून पै यांनी लिहिलेला आणि राम वाईरकर यांनी रेखाटलेला ‘कृष्ण’ अकराव्या क्रमांकाचा ठरला. पहिली काही वर्षे पुस्तके दुकानांत पडून राहिली. कॉमिक म्हटले की शिक्षक नाक मुरडीत आणि पालक ते पुस्तक हातातून काढून घेत. पै यांनी चिकाटी सोडली नाही. पुढे चारशेहून अधिक अंक निघाले, अनेक भारतीय भाषांत गेले, आणि ज्या शाळांनी प्रथम दार लावले होते त्याच शाळांच्या ग्रंथालयांत त्यांचे गठ्ठे बांधून ठेवण्यात आले.

येथवर झाले चरित्र. आता लेखनाकडे वळू.

पै यांच्या लेखनाचा पहिला गुण म्हणजे त्यांचा संक्षेप. अंकाची पाने बत्तीस. पानागणिक चार-सहा चौकटी. चौकटीच्या माथ्यावर निवेदनाची एक पट्टी, आणि पात्रांच्या तोंडी दोन-तीन ओळी. एवढ्या जागेत दशमस्कंध बसवावयाचा. श्रावणात कहाण्या सांगणाऱ्या आमच्या बायका साठ उत्तरांची गोष्ट पाचांत सांगून पुरी करीत. कोंकणीत हिलाच काणी म्हणतात. ही कला दिसते तितकी सोपी नाही. काय सांगावयाचे हे सर्वांनाच कळते. काय गाळावयाचे हे थोड्यांना कळते. पै यांना ते कळत होते. त्यांचे वाक्य लहान, क्रियापद ठसठशीत आणि प्रसंगांचा क्रम असा, की मूल एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत न अडखळता उतरते. वर्णनाचा भार त्यांनी चित्रकारावर टाकला, भावनेचा भार चेहऱ्यावर टाकला, आणि शब्दांकडे केवळ कथा पुढे नेण्याचे काम ठेवले. लेखकाने शब्दांचा मोह इतका आवरावा, ही गोष्ट आमच्या साहित्यात दुर्मिळच म्हणावी लागेल.

दुसरा गुण माणसे जोडण्याचा. राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांच्या हातांनी या मालेला तिचे रूप दिले, हे मराठी वाचकाने विसरू नये. ‘शिवाजी’ हा अंक लिहिण्यासाठी पै यांनी भा. रा. भागवतांना गाठले, फास्टर फेणेच्या जनकाने शिवाजी लिहावा आणि मुळीकांनी तो रेखाटावा, हा योग त्यांनी जुळवून आणला. कमला चंद्रकांत यांनी लिहिलेला ‘मीराबाई’ हा अंक युसुफ लीन यांनी राजस्थानी लघुचित्रांच्या वळणाने असा रंगविला आहे, की त्याचे एकेक पान पोथीच्या पानासारखे पाहत बसावे. सुब्बा राव, लुई फर्नांडिस अशी साहाय्यक मंडळी पै यांच्यापाशी होती. अंकावर लेखकाचे नाव कोणाचेही असो, संपादक म्हणून त्यावरून पै यांचा हात फिरलेला असे. म्हणून त्यांचे कर्तृत्व केवळ त्यांनी स्वतः लिहिलेल्या अंकांवरून मोजू नये. मालेचा सूर त्यांचा आहे, आणि तिच्या गुणांबरोबर तिचे दोषही त्यांच्याच खाती जमा होतात.

हे दोष कोणते? आमच्या वाचकांना परिचित अशा एका तुलनेने ते स्पष्ट होतील.

नारदीय कीर्तनाची दोन अंगे असतात. पूर्वरंगात बुवा संताचे एखादे पद घेतात आणि त्याचे निरूपण करतात. शंका काढतात, त्यांचे समाधान करतात, एका शब्दाचे दोन अर्थ दाखवितात. उत्तररंगात त्याच विचाराला दृष्टान्त म्हणून आख्यान लावतात. श्रोत्यांना आख्यान अधिक आवडते, हे बुवांना ठाऊक असते. पुष्कळ मंडळी तर उत्तररंगाच्या सुमारासच देवळात येतात. तरीही पूर्वरंग टाळून आख्यान लावण्याची रीत नाही. का नाही? कारण निरूपणावाचून आख्यान म्हणजे नुसती घडलेली हकीकत. ती कशासाठी सांगितली, ती दुसऱ्या रीतीने कोणी सांगितली आहे काय, तिच्यातील अमक्याने असे का केले, हे प्रश्न पूर्वरंगात उगवतात आणि आख्यानाला अर्थ देतात.

पै यांनी एका पिढीला उत्तररंग दिला. रंगीत, वेगवान, चित्तवेधक उत्तररंग दिला. पण पूर्वरंगावाचून दिला. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस कथेचा आधार सांगणारी एक लहानशी प्रस्तावना प्रत्येक अंकात असे, हे आम्ही विसरलेलो नाही. पै यांचा प्रामाणिकपणा तिच्यात दिसतो. परंतु प्रस्तावना वाचणारे मूल आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

याचा परिणाम कसा होतो, ते ‘शकुंतला’ या अंकात पाहावे. शकुंतला आमच्या परंपरेत एक नाही, दोन आहेत. महाभारतातील शकुंतला मुलाचा हात धरून भर सभेत उभी राहते आणि नाकबूल जाणाऱ्या राजाला धर्म ऐकविते. तेथे शाप नाही, अंगठीही नाही; राजाने ओळख नाकारली ती लोकापवादाच्या भयाने. कालिदासाने शाप आणि अंगठी आणली आणि राजाचा दोष दैवावर टाकला. चित्रकथेने कालिदासाची वाट धरली. नाटक म्हणून ती सुंदर आहे, आणि निवड करणे हा लेखकाचा हक्कच आहे. परंतु ज्या मुलीने लहानपणी तेवढीच शकुंतला पाहिली, तिला सभेत बोलणारी शकुंतला आयुष्यात भेटण्याचा संभव किती? कीर्तनकार दोन्ही सांगू शकतो. आज एक, पुढच्या वर्षी दुसरी. छापील चौकटीला पुढचे वर्ष नसते.

मालेच्या प्रसारामुळे हा दोष वाढला. एखाद्या गावातील पुराणिकाने गोष्ट एकांगी सांगितली, तर शेजारच्या गावात दुसरा पुराणिक असतो. पै यांची गोष्ट गावोगाव एकच गेली. पुष्कळ घरांत तीच एक उरली. ‘वाल्मीकी’ या अंकात वाटमाऱ्याचा ऋषी झाल्याची कथा आली, तेव्हा पंजाबातील वाल्मीकी समाजाने तिला कडाडून विरोध केला. ज्याला ते आपला आदिगुरू मानतात, त्याचे हे चित्र त्यांना सहन झाले नाही. ही कथा पै यांनी रचलेली नव्हती. ती फार जुनी आहे. पण ओसरीवर सांगितलेली कथा आणि लाखो प्रतींत छापलेली कथा यांचे वजन सारखे नसते, हे त्या वेळी सर्वांना कळले.

चित्रांविषयीही बोलणे प्राप्त आहे. या मालेत सज्जन बहुधा गोरे किंवा निळे, उंच व रेखीव असतात. राक्षस काळे, जाडे, पुढे आलेल्या दातांचे असतात. ज्या देशात राम आणि कृष्ण हे दोघेही सावळे, जेथे विठ्ठलाचे सावळेपण संतांनी डोळे भरून पाहिले, तेथे काळा रंग दुष्टांच्या वाट्याला जावा, याचे आम्हांस वाईट वाटते. मूल अक्षर वाचण्यापूर्वी रंग वाचते. तीच गोष्ट स्त्रियांची. ‘पद्मिनी’च्या अग्निप्रवेशाला येथे जी भव्यता लाभली आहे, ती पाहून वाचणाऱ्या मुलीने काय समजावे, हा प्रश्न निरूपणकाराने थांबून विचारला असता; चित्रकथेला थांबता येत नाही. मध्ययुगीन वीरांच्या कित्येक अंकांत राज्याची लढाई ही दोन धर्मांचीच लढाई होऊन बसते. इतिहासात एकाच सेनेत दोन्हीकडचे शिपाई आणि सरदार असत. चौकटीत तेवढी गर्दी मावत नाही.

इतके दोष दाखविल्यावर थांबलो, तर तो अन्याय होईल. कारण याच संपादकाने १९७९ साली बाबासाहेब आंबेडकरांवर अंक काढला. दिलीप कदमांनी तो रेखाटला. पाणवठ्यावर नाकारलेला मुलगा त्या पानांवर मुलांनी पाहिला, आणि ज्यांनी नाकारले ते राक्षस नव्हते, आमच्यासारखीच माणसे होती, हेही पाहिले. ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम यांच्याबरोबर चोखामेळाही मालेत आला. चोखोबाची समाधी पंढरपुरी महाद्वारापाशी आहे, हे आम्ही सर्वजण जाणतो. तो आत का गेला नाही, हे आम्ही मुलांना सांगतोच असे नाही. देवळाशी ज्यांचे आयुष्य बांधलेले आहे, अशा आम्हां वाचकांना हे दोन अंक थोडे बोचले पाहिजेत. ते बोचतात, याचे श्रेय पै यांना दिले पाहिजे. १९८५ पासून पुढील काही वर्षांत त्यांनी महाभारत बेचाळीस अंकांत आणले, तेव्हा बत्तीस पानांची घाई त्यांनी स्वतःच सोडली. तेथे कर्णाला, भीष्माला, गांधारीला आपापली बाजू मांडण्यास अवकाश मिळाला. आपल्या पद्धतीचे उणेपण त्यांस कळले होते, असे या प्रदीर्घ मालिकेवरून आम्हांस वाटते.

याहून मोठा पुरावा ‘टिंकल’चा आहे. १९८० साली पै यांनी हे मुलांचे नियतकालिक सुरू केले आणि ते ‘अंकल पै’ झाले. पुराणातील कथा सांगणारा संपादक येथे एकाएकी श्रोत्यांत जाऊन बसला. मुलांनी पत्रे लिहावीत, प्रश्न विचारावेत, आपल्या गावची गोष्ट पाठवावी, आणि अंकल पै यांनी उत्तर द्यावे, असा क्रम सुरू झाला. १९८३ साली आलेला सुप्पंडी हा सांगकाम्या गडी तमिळनाडूतील एका वाचकाने पाठविलेल्या लोककथांतून जन्मला, आणि राम वाईरकरांनी त्याला ते विचित्र डोके दिले. वसंत हळबे यांनी रेखाटलेला, टोपीने डोळे झाकलेला शिकारी शंभू हा तर वीरांची थट्टाच होय: ज्याने आयुष्यभर पराक्रमी पुरुष छापले, त्याच्याच मासिकात एक भित्रा शिकारी चुकून यशस्वी होत राहिला. अमर चित्रकथेत कथा वरून खाली येत होती. ‘टिंकल’मध्ये ती खालून वर येऊ लागली. मुलांना प्रश्न विचारू देणे हाच पूर्वरंगाचा आरंभ आहे. आमच्या मते पै यांच्या कार्याचा हा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे, जरी कीर्ती पूर्वार्धाला लाभली.

भाषेविषयी एक शब्द. कोंकणी मातृभाषेच्या या लेखकाने आपल्या मालेचे मूळ लेखन इंग्रजीत केले. त्याचे कारण उघड आहे. रामाची आई विसरलेली मुले इंग्रजी शाळांतील होती, आणि त्यांच्यासाठीच औषध काढावयाचे होते. मराठी, हिंदी व इतर भाषांत गेले ते भाषान्तर. भाषान्तरात कथा जाते, पण तिच्याबरोबर घरची भांडीकुंडी जात नाहीत. सर्व भारतासाठी लिहिलेल्या कृष्णाला कोणत्याही एका प्रांताची घोंगडी पांघरता येत नाही. म्हणून त्याचा खांदा उघडा राहिला. हा लेखकाचा दोष नव्हे, सर्वांसाठी लिहिण्याची ही किंमत आहे. ती किंमत कोणी भरावयाची, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या कोंकणाने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. सावंतवाडीच्या राजांनी त्यांना आश्रय दिला होता. रामायण-महाभारतातील आख्यानांच्या चित्रांच्या पोथ्या त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या जपलेल्या आहेत. देवळात दिवा लावून चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरतो आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने ते चित्र सांगतो. चित्र तेच राहते. सांगणे दर खेपेस निराळे होते. समोर मुले असली तर माकडे अधिक वेळ नाचतात, म्हातारी माणसे असली तर दशरथाचा विलाप लांबतो. २०२१ साली तेथील परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुष्कळांना या कलेचे नाव प्रथम ऐकू आले. ‘चित्रकथा’ हा शब्द पै यांच्या मालेने घरोघर नेला. चित्रकथी मात्र त्या शब्दातून गळून पडला. सांगणारा घरात उरला नाही, म्हणून सांगणाऱ्यावाचून चालेल असे पुस्तक पै यांनी केले. शहरातील ज्या घरासाठी त्यांनी ते केले, तेथे ते वरदान ठरले. पण जेथे सांगणारा अद्याप ओसरीवर बसलेला आहे, तेथे पुस्तक आले आणि मूल सांगणाऱ्याला म्हणू लागले, की तू चुकतोस.

म्हणून आता तिगावच्या ओसरीकडे परतू. नातीने पुस्तक पुढे केले. आजीबाईंनी चष्मा लावला, दिव्याजवळ धरून चित्र नीट पाहिले, पान उलटून पुढचेही पाहिले. त्या रागावल्या नाहीत आणि पुस्तक खोटे आहे असेही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “छान आहे. हा उन्हाळ्यातला कृष्ण दिसते. आपल्या इथं घाटाखाली थंडी केवढी पडते. गाई घेऊन पहाटे निघाला, तं घोंगडीबिगर कसा जाईन?” मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग तिने विचारले, “मंग आजी, पावसाळ्यात काय घेत होता?” आणि गोष्ट पुढे सुरू झाली.

आम्ही पुष्कळ निरूपणे ऐकली आहेत. याहून नेमके क्वचितच ऐकले असेल. आजीबाईंनी दोन्ही कृष्ण राहू दिले आणि मुलीला तिसऱ्याकडे नेले. पुस्तक नसते तर तो प्रश्न उठला नसता, आणि आजी नसती तर त्याला उत्तर मिळाले नसते.

अनंत पै यांना १९ फेब्रुवारी २०११ च्या सुमारास दिल्लीत भरलेल्या पहिल्या कॉमिक कॉन संमेलनात जीवनगौरव देण्यात आला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २४ फेब्रुवारीस, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ‘अमर चित्रकथा’ त्यापूर्वीच, २००७ साली, नव्या मालकांकडे गेली होती. माला आजही चालू आहे. तिच्या जनकाला आम्ही थोर साहित्यिक म्हणणार नाही; त्यांनी तो दावाही केला नव्हता. ते आख्यानकार होते, आणि ज्या काळात आख्यान ऐकण्यास कोणी बसत नव्हते, त्या काळात त्यांनी लक्षावधी मुलांना बसविले. उत्तररंग त्यांनी उत्तम रंगविला. पूर्वरंग मात्र त्यांनी करावा, अशी अपेक्षा धरून आम्ही स्वस्थ बसलो, तर दोष आमचा. आमच्या देवस्थानांच्या वाचनालयांत या पुस्तकांचे संच आहेत आणि सभामंडपात आजीआजोबाही आहेत. उत्सवाच्या दिवसांत तासभर या दोघांची गाठ घालून द्यावी, पुस्तक मुलाच्या हाती असावे आणि “असे नाही” म्हणण्याची मुभा दोन्ही बाजूंना असावी, एवढीच आमची सूचना आहे.